सही बाकी

१

महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी कपाटातून एक जुना बॅकअप काढतो, दुसऱ्या मशीनवर उतरवतो, मोजतो आणि पुसून टाकतो. अकरा वर्षं हेच चाललं आहे. बायकामुलं असलेले लोक शनिवारी घरी असतात. मला कुणी विचारत नाही आणि मीही कुरकुर करत नाही.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. शहरातल्या साडेतीनशे इमारती आमच्याकडे आहेत. लिफ्ट बिघडली की फोन येतो, फोनवरची बाई तक्रार भरते आणि त्यावरून मेकॅनिकच्या याद्या छापल्या जातात. या सगळ्या नोंदी एका डेटाबेसमध्ये राहतात. रोज पहाटे दोन वाजता त्याची प्रत आपोआप एका हार्ड डिस्कवर उतरते. पण प्रत निघाली म्हणजे ती वेळेला उपयोगी पडेलच असं नाही. ज्यांनी ती कधी उतरवून पाहिलेली नसते ते ऐन वेळी डोक्याला हात लावून बसतात. म्हणून ही दर महिन्याची चाचणी.

पद्धत ठरलेली आहे. साहेब डिस्कच्या कपाटासमोर डोळे मिटून उभे राहतात आणि एका डबीवर बोट ठेवतात. साठी उलटली तरी त्यांना हा खेळ आवडतो. डबीत माझ्या हातची चिठ्ठी असते: तारीख, आणि त्या पहाटे डेटाबेसमध्ये किती तक्रारी होत्या तो आकडा. मी डिस्क सामानाच्या खोलीतल्या जुन्या मशीनला लावतो. त्या मशीनला नेटवर्कची केबल जोडायची नाही, हा नियम माझाच. उतरवलेल्या प्रतीला आपण प्रत आहोत हे कळत नसतं. केबल जोडली तर ती कधीकाळच्या तक्रारींचे मेसेज लोकांना पाठवत सुटेल.

आकडा जुळला की प्रत पुसायची आणि पुसल्याच्या कागदावर सही करायची. अकरा वर्षांत आकडा एकदाही चुकला नव्हता.

त्या शनिवारी साहेबांचं बोट ज्या डबीवर पडलं तिची तारीख मला न वाचता कळली. ती डबी मी कायम सगळ्यात खालच्या खणात, मागे सरकवून ठेवत असे.

"ही पुढे कशी आली?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? माझे डोळे मिटलेले होते," साहेब म्हणाले.

२

तीन वर्षांपूर्वी त्या तारखेला, सकाळी अकरा चाळीसला, आमचं मुख्य मशीन बसलं. मी पहाटेचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवला आणि एक वाजता काम पुन्हा सुरू केलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

प्रश्न फक्त पहाटे दोन ते अकरा चाळीस या मधल्या वेळेतल्या नोंदींचा होता. त्या बॅकअपमध्ये असणं शक्यच नव्हतं. मी पाठकोरे कागद घेऊन टेबलाटेबलाशी गेलो. सकाळपासून काय काय भरलंत ते आठवून लिहा, म्हणून सगळ्यांच्या मागे लागलो. बारा तक्रारी निघाल्या. त्या मी पुन्हा भरल्या, याद्या छापल्या, मेकॅनिक आपापल्या कामाला गेले.

सगळ्यांना विचारलं, स्वतःला विचारायचं राहून गेलं.

अकरा वीसला फोनवरची बाई जागेवर नव्हती. फोन वाजत राहिला म्हणून मी उचलला. एका इमारतीचा रखवालदार बोलत होता. लिफ्ट जागेवर नसतानाही पाचव्या मजल्याचं दार उघडतंय, म्हणाला. "कुणीतरी खाली जाईल हो साहेब." अशा तक्रारीला आमच्याकडे लाल नोंद म्हणतात. लाल नोंद यादीत असली की मेकॅनिक आधी वीज बंद करून कुलूप लावतो आणि मगच लिफ्टला हात लावतो. इतर कामांच्या कार्डावर रहिवाशाची सही घेतात. लाल नोंदीच्या कार्डावर ज्यानं तक्रार घेतली त्याची सही लागते, म्हणजे उद्या त्यानं हात वर करू नयेत. सही झाल्याशिवाय नोंद बंद होत नाही. मी ती लाल नोंद भरली आणि रखवालदाराला म्हटलं, "लिहून घेतलं." वीस मिनिटांनी मशीन बसलं.

दुपारी अडीचला त्या इमारतीत मेकॅनिक नंबर सात गेले. त्यांच्या यादीत तिथे फक्त तेलपाणी करायचं होतं. पाचव्या मजल्यावरच्या बोळात दिवा नव्हता. त्यांनी दार ओढलं, ते उघडलं, आणि ते आत गेले. मेकॅनिक नंबर सात म्हणजे माझ्या ताईचे यजमान, माझे भावोजी.

चौकशीत रखवालदार पुन्हा पुन्हा सांगत होता, मी फोन केला होता, माणसानं लिहून घेतलं म्हटलं. रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. फोनवरची बाई म्हणाली, असा फोन मी घेतलाच नाही, आणि ते खरंच होतं. रखवालदार खोटा ठरला, त्याची नोकरी गेली. मला सगळं त्याच संध्याकाळी आठवलं होतं. मी मूग गिळून गप्प बसलो.

तेव्हापासून ताई माझ्याकडे राहते. तिला यातलं काही माहीत नाही. तिला ते कधीही कळू नये, एवढ्या एका गोष्टीची मला भीती वाटते. बाकी मी भित्रा माणूस नाही.

३

सामानाच्या खोलीची एक भिंत ऑफिसच्या लिफ्टला लागून आहे. लिफ्ट गेली की भिंत बारीक गुणगुणते. शनिवारी वरची ऑफिसं बंद असतात, त्यामुळे भिंत गप्प होती. फळ्यांवर जुनी बटणं, दारांच्या पट्ट्या, तारांची भेंडोळी. मशीनचा पंखा तेवढा चालू होता.

चिठ्ठीवर आकडा होता एक्केचाळीस हजार दोनशे सहा. पडद्यावर आला एक्केचाळीस हजार दोनशे एकोणीस.

मी पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला. चिठ्ठी लिहिताना चुकलो असेन. मग मी पहाटे दोननंतरच्या नोंदी वेगळ्या काढल्या. तेरा निघाल्या. डिस्कवरची फाइल दोन वाजून चार मिनिटांनी तयार झालेली होती, त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नव्हता. एक माणूस पहाटे दोन वाजता झोपायला गेला आणि त्याच्या त्या झोपेतल्या फोटोत दुपारचं जेवण दिसलं, असा तो प्रकार होता.

बारा नोंदी मला पाठ होत्या. तेरावीची वेळ अकरा वीस. रंग लाल. तक्रार घेणाऱ्याच्या रकान्यात माझा नंबर.

केबल तपासली. ती भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवलेली होती, मीच ठेवली होती. मशीन बंद करून पुन्हा सगळं पहिल्यापासून उतरवलं. दोन तास गेले. तेराच.

साहेब निघता निघता डोकावले. "जुळलं का रे?"

"तेरा जास्त आहेत."

"जास्तच आहेत ना? कमी नाहीत ना? मग तोंड कशाला पाडतोस? पूस आणि जा घरी."

मी हो म्हटलं. पुसलं मात्र नाही. आपल्या चुकीचा एकमेव कागद असा अचानक हातात आला तर तो लगेच फाडावा, हे मलाही कळत होतं. तरी हात चालेना.

४

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. आमची लिफ्टही आमच्याच कंपनीकडे आहे. मी सहसा जिन्यानं जातो, तब्येतीसाठी म्हणून सांगतो. ताई कायम लिफ्टनं जाते. नवऱ्याचं असं झाल्यावर लोकांना तिचं नवल वाटायचं.

"यांनी जन्मभर लोकांना सांगितलं, घाबरू नका, लिफ्ट सुरक्षित असते," ती म्हणायची. "मीच जिन्यानं गेले तर यांचं नाक कापलं जाईल."

ती सकाळी वाचनालयात काम करते आणि दुपारी घरी येते. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे आणि मला अजून शाळेत समजते. त्या रात्री माझं जेवणात लक्ष नव्हतं.

"तुझं ते मशीन तरी वेळेवर पोटभर खातं," ती म्हणाली. "काय झालं? साहेब बोलले?"

"नाही. आकडा जुळत नाहीये."

"जुळेल. यांचं कसं होतं माहीत आहे ना? सही मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत."

ते खरं होतं. लोक नंतर या म्हणायचे, दार लावून घ्यायचे, तरी भावोजी बाहेर उभे राहायचे. त्यांच्या हातात कार्ड अडकवायचा पुठ्ठा असायचा. लोक पेन ढापतात म्हणून त्या पुठ्ठ्याला त्यांनी पेन दोरीनं बांधलेलं होतं. चालताना ते पेन लोंबत राहायचं आणि पुठ्ठ्यावर टकटक वाजायचं. काम झालं की ते फोनवरून ऑफिसला शेरा सांगायचे आणि प्रत्येक शेऱ्याच्या शेवटी, पत्र लिहावं तसं, "काळजी नसावी" असं घालायचे. फोनवरची बाई हसत हसत तेही भरायची.

तो पुठ्ठा त्यांच्याबरोबरच खाली गेला होता. तो सापडला नाही, हे ताईच्या मनाला लागून राहिलं होतं.

५

सोमवारी मी ऑफिसात शिरलो तो थेट सामानाच्या खोलीत गेलो. आकडा अठ्ठेचाळीस हजारांच्या वर गेला होता.

प्रतीत अकरा चाळीसला मशीन बसलंच नव्हतं. अकरा बावन्नला पुढची तक्रार होती, बारा पाचला त्याच्या पुढची. दिवस गेला होता, आठवडा गेला होता, जवळजवळ वर्ष गेलं होतं. इमारती आमच्याच होत्या, मेकॅनिक आमचेच होते. पानंच्या पानं मी खाली सरकवत गेलो. इतकी कंटाळवाणी, इतकी रोजची कामं होती ती, की मला बरं वाटायला लागलं. भूतबीत असतं तर ते एवढ्या दारांना तेल घालत बसलं नसतं.

मग तेरावी नोंद पाहिली. तिच्यापुढे आता शेरा होता. त्याच दिवशी दुपारी तीन दहाला, मेकॅनिक नंबर सात: "वीज बंद केली. पाचव्या मजल्याच्या दाराचं कुलूप बदललं. लिफ्ट सुरू. तक्रार घेणाऱ्याची सही बाकी. काळजी नसावी."

मी खुर्चीवर बसलो. भिंतीपलीकडून लिफ्ट वर गेली आणि भिंत गुणगुणली. मला रडू आलं. आनंद होता की काय होतं ते सांगता येणार नाही. कुठेतरी भावोजी त्या दुपारी घरी गेले होते, एवढंच मला समजत होतं.

नंबर सातची पुढची सगळी कामं मी वाचली. चारशेच्या वर होती. प्रत्येक कार्डावर सही घेतलेली होती. फक्त त्या एका लाल नोंदीची राहिली होती. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या नोंदीखाली एक नवा शेरा होता: "सही बाकी. काळजी नसावी."

६

बुधवारपर्यंत प्रत दोन वर्षांच्या पुढे गेली होती. मी हिशेब मांडला. ती दिवसाला सहा महिने चालत होती. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला ती आजच्या तारखेला पोचणार होती.

त्यानंतर काय, हा प्रश्न मी मनात येऊ दिला नाही. कारणं शोधत राहिलो. कुणीतरी मुद्दाम खोट्या नोंदी भरणारा प्रोग्रॅम डिस्कवर ठेवला असेल. पण "काळजी नसावी" त्याला कुणी शिकवलं? फोनवरच्या बाईला मी सहज विचारलं, भावोजी काय शेरे द्यायचे, आठवतं का? तिनं पदर डोळ्यांना लावला. मी विषय बदलला.

मशीन पुसून टाकायला चार बटणं पुरतात. बुधवारी मी त्यातली तीन दाबली. चौथं दाबायच्या आधी पडद्यावर शेवटची नोंद दिसली. कुठल्याशा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन बायकांना नंबर सातनं तासाभरात बाहेर काढलं होतं. ही पुसली तर त्या बायका कुठे जातील, असं काहीतरी मनात आलं. हा निव्वळ वेडेपणा आहे हे मला कळत होतं. मी मागे आलो.

शनिवारचे शेरेही आता बदलले होते. "सही बाकी. ऑफिसात भेट झाली नाही. काळजी नसावी." मग, "सही बाकी. पुन्हा जाऊन आलो. माणूस जागेवर नाही." प्रतीत माझा नंबर शोधला. त्या लाल नोंदीनंतर तो कुठेच नव्हता. तीन वर्षांत मी तिथे एकही नोंद भरलेली नव्हती.

७

शुक्रवारी साडेतीनला मी दार लावून मशीनसमोर बसलो. तारखा जवळ येत होत्या. परवा, काल, आज सकाळ. आज सकाळी दहाला त्या नोंदीखाली शेरा आला: "सही बाकी. आज घरी जाऊन घेतो. काळजी नसावी."

तीन पन्नासला शेवटची नोंद आली आणि आकडा थांबला.

वेळ: आज, चार वीस. रंग: लाल. तक्रार: लिफ्ट जागेवर नसताना पाचव्या मजल्याचं दार उघडतं. इमारतीचा पत्ता आमचा. तक्रार घेणाऱ्याच्या रकान्यात माझा नंबर.

त्या क्षणी फोन उचलून ताईला सांगायला हवं होतं. मी काय केलं ते सांगतो. मी केबल पाहिली. ती खिळ्यालाच होती. मशीनचं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मग धावत माझ्या टेबलाशी जाऊन खऱ्या रजिस्टरमध्ये लाल नोंद भरायला घेतली. इमारत भरली, मजला भरला. पुढचा रकाना आला: तक्रार कुणाकडून. तो भरल्याशिवाय मशीन पुढे जाऊ देत नाही, तीही माझीच करणी. काय लिहू? साहेब विचारणार, तुला कुठून कळलं? मग ती प्रत दाखवावी लागणार, आणि तेरावी नोंद. मी त्या रकान्यासमोर बसून राहिलो. घड्याळात चार चौदा झाले तेव्हा मी ताईला फोन लावला.

"ताई, लिफ्टनं उतरू नकोस."

"का रे? मी दाराबाहेरच आहे, चप्पल घालतेय. चष्म्याच्या दुकानात चाललेय."

"पाचव्या मजल्याचं दार बिघडलंय."

"तुला तिथे बसून कसं कळलं?"

पुन्हा तोच रकाना. आता मात्र मी सांगून टाकलं. त्या दिवशीचा तो फोन मी घेतला होता. मी "लिहून घेतलं" म्हटलं होतं. पुन्हा नोंदी भरताना मी विसरलो, आणि आठवल्यावर गप्प बसलो. तीन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला एक मिनिटही लागलं नाही.



"तीन वर्षं माझ्यासमोर बसून जेवलास," ताई म्हणाली.

"हो."

"त्या रखवालदाराच्या दारात जाऊन मी त्याला काय काय बोलले होते, आठवतंय?"

"हो. ताई, तू आधी मागे हो. घरात जा."

लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला. आमच्या दाराचा खालचा रूळ कुरकुरतो, मला तो ओळखता येतो. मग बारीक टकटक ऐकू आली. दोरीला बांधलेलं काहीतरी पुठ्ठ्यावर वाजत होतं.

"अहो," ताई म्हणाली.

माझ्याशी ती अशी बोलत नाही. ती फक्त एका माणसाशी अशी बोलायची.

"अहो, तो घरी नाहीये," ती म्हणाली. आवाजात आश्चर्य नव्हतं, थोडी घाई होती. "माझी सही चालेल का?"

दार सरकून बंद झालं. भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते.

८

फोन चालूच ठेवून मी टॅक्सी केली. पलीकडे काही आवाज नव्हता, पण लाइन तुटली नव्हती. जिन्यानं पाच मजले चढलो. बोळात दुपारचं ऊन आलेलं होतं. आमच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. लिफ्टचं दार चारेक बोटं उघडं होतं. लिफ्ट तळमजल्यावर होती, दारावरचा आकडा तसं दाखवत होता.

मी दार ओढलं. ते सहज उघडलं. आत काळोख, तेलाचा वास, तारा जागच्या जागी स्थिर.

"ताई?" मी फोनमध्ये म्हटलं.

माझाच आवाज खालून आला.

आमची माणसं लिफ्ट वर घेऊन खड्ड्यात उतरली. त्यांना ताईचा फोन मिळाला. तो सुरू होता आणि त्याला साधा चराही पडलेला नव्हता. शेजारी एक चप्पल होती. दुसरं काहीही नव्हतं. पोलिसांनी इमारत, गच्ची, पाण्याच्या टाक्या पाहिल्या. ताई कुठेच नव्हती.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं मला विचारलं, या लिफ्टच्या दाराची काही तक्रार आली होती का?

माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये ती नोंद अर्धवट भरलेली होती. तक्रार कुणाकडून हा रकाना कोरा होता. मी ती सेव्ह केली नव्हती.

"रजिस्टरमध्ये नोंद नाही," मी म्हटलं.

मला स्वतःची शिसारी आली. पण उत्तर तेच बाहेर पडलं.

९

याला आता महिना होऊन गेला. पुढचा पहिला शनिवारही आला आणि गेला. साहेब माझ्याशी हळू आवाजात बोलतात, सुट्टी घे म्हणतात. फक्त एकदा त्यांनी विचारलं, "ती मागची प्रत पुसलीस ना? कागदावर सही दिसत नाही तुझी." मी करतो म्हटलं. त्या कागदावरची सही बाकी आहे. मला ती प्रत पुसता येणार नाही. आता तिच्यात दोघं आहेत.

प्रत आता आपल्याच चालीनं चालते. तिथे एक दिवस आणि इथे एक दिवस. नंबर सात रोज एक-दोन कामं उरकतात, सह्या घेतात. आमच्या इमारतीची लाल नोंद बंद झालेली नाही. तिच्याखाली रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक शेरा येतो. कालचा असा होता: "दार दुरुस्त केलं. तक्रार घेणाऱ्याची सही बाकी. बायकोची सही चालत नाही असं ऑफिसनं सांगितलं. दोघंही थांबलो आहोत. काळजी नसावी."

मी सहाला ऑफिसातून निघतो आणि जिन्यानं घरी जातो. आमची लिफ्ट त्या दिवसापासून बंद आहे. वीज काढलेली आहे, तळमजल्यावर कुलूप लावलेलं आहे, त्याची किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात आहे. तरी पाचव्या मजल्यावर पोचलो की लिफ्टचं दार उघडं असतं आणि आत दिवा लागलेला असतो. मी समोरून जात नाही, भिंतीला धरून जातो. दाराच्या कडेतून पुठ्ठ्याचा कोपरा बाहेर आलेला दिसतो. कुणीतरी तो माझ्यापुढे धरल्यासारखा असतो. धरणारा हात दिसत नाही. पेन दोरीला लोंबत असतं आणि अजून थोडं हलत असतं.

कार्डावर दोन ओळी आहेत. खालच्या ओळीवर ताईचं अक्षर आहे, त्यावर काट मारलेली आहे. वरची ओळ कोरी आहे.

आत जमीन आहे की नाही, हे मी अजून पाहिलेलं नाही. बोळातून हात लांब केला तर पुठ्ठ्यापर्यंत पोचत नाही. मी दोनदा करून पाहिलं. एक पाऊल आत टाकावं लागेल.